घराबाहेरच्या लाकडी फळ्या परत रंगवायच्यात? पुण्यातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

आमचं घर कोथरूडला. पहिल्या मजल्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून पाइनच्या फळ्या ठोकलेल्या आहेत, आर्किटेक्टची हौस आणि आमची हो ला हो. ती भिंत आत्तापर्यंत तीनदा रंगवून झाली. पहिल्यांदा पूर्ण पेंटरच्या भरवशावर, दुसऱ्यांदा निम्मं काम मी आणि निम्मं त्याने, तिसऱ्यांदा एक मदतनीस हाताशी घेऊन सगळं मीच. तिसऱ्या वेळचा रंग अजून जागेवर आहे त्यामुळे आता ओळखीत कोणी घराबाहेरच्या लाकडाचा विषय काढला की मला फोन येतो. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

दोनच वर्षं झाली आणि रंगाचे पोपडे निघायला लागले. पेंट डुप्लिकेट होता का?

शक्यता कमी. सगळे आधी दुकानदारावर घसरतात, मीही घसरलो होतो. पण बाहेरच्या लाकडावरचा रंग निघतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि ते पाणी समोरून रंगातून शिरलेलं नसतं, फळीच्या मागून नाहीतर कापलेल्या टोकांतून शिरलेलं असतं. लाकूड म्हणजे नळ्यांची जुडी समजा. फळीच्या सपाट बाजूने पाणी हळूहळू मुरतं, कापलेल्या टोकातून मात्र ते त्याच्या कितीतरी पट वेगाने वर चढतं. आणि पेंटर नेमकं टोक सोडतो कारण ते खालून दिसत नाही.

पोपडा काढा आणि उलटा करून बघा. मागे कोरं स्वच्छ लाकूड दिसत असेल तर पाणी मागून ढकलतंय किंवा अस्तराने (प्रायमरने) धरलंच नाही. पोपड्याला करड्या रंगाचे लाकडाचे बारीक तंतू चिकटून आले असतील तर उन्हाने मेलेल्या लाकडावर रंग मारला होता. आणि मागे जुना रंगच दिसत असेल तर नवा रंग जुन्या गुळगुळीत किंवा भुकटी झालेल्या रंगावर न घासता चोपडलाय. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत, सरसकट नवा डबा आणून उपयोग नाही.

मग पाणी येतंय कुठून ते शोधा. आमच्याकडे दोन गुन्हेगार सापडले, एसीच्या आउटडोअर युनिटचा ड्रेन पाइप जो सरळ फळ्यांवर ठिबकत होता, आणि गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो. टाकी रोज सकाळी भरून वाहायची आणि ते पाणी भिंतीवरून उतरायचं. एक एल्बो आणि चार फूट पाइप लावून जे काम झालं ते रंगाच्या तीन हातांनी झालं नसतं. मधुमालती वगैरे वेल फळ्यांवर चढवला असेल तर तोही ओल धरून ठेवतो. दिसतो सुंदर, पण त्याला वेगळी जाळी करून द्या, भिंतीपासून फूटभर लांब. आणि खालची फळी जमिनीला किंवा फरशीला टेकलेली असेल तर पावसाचे शिंतोडे उडून ती आधी जाणार, किमान सहा-आठ इंच अंतर हवंच.

पुण्यात हे काम कधी काढावं?

दिवाळीच्या आधी सगळं पुणं रंग काढतं, आणि लाकडासाठी तीच वेळ सगळ्यात वाईट. चार महिने लाकूड पाणी पिऊन बसलेलं असतं, ऑक्टोबर हीटमध्ये वरून कोरडं लागतं पण आत ओल असते, पेंटरला तर श्वास घ्यायला वेळ नसतो.

मी पहिल्यांदा तर सप्टेंबरमध्येच करून टाकलं होतं, गणपतीनंतर पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली होती म्हणून. पुढच्या एप्रिलमध्ये ऊन तापलं आणि रंगाला पुरीसारखे फोड आले, आत अडकलेली ओल वाफ होऊन बाहेर पडायला जागा शोधत होती.

माझं मत विचाराल तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. याला अजून एक कारण आहे जे फारसं कोणी सांगत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, पुण्यात बाहेरच्या लाकडातली ओल पावसाळ्यात साधारण १६-१८ टक्के आणि एप्रिलमध्ये ७-८ टक्क्यांच्याही खाली जाते. एवढ्या फरकात चार इंची पाइनची फळी दोनेक मिलिमीटर रुंद-अरुंद होते. तुमच्या फळ्या खोबणीत बसवलेल्या असतील आणि तुम्ही त्या फुगलेल्या असताना रंगवल्या तर एप्रिलमध्ये त्या आकसून प्रत्येक सांध्यात कोऱ्या लाकडाची एक पांढरी रेघ उघडी पडते. फळ्या आकसलेल्या असताना रंगवलं तर जिभेवरही, म्हणजे शेजारच्या फळीच्या खोबणीत शिरणाऱ्या कडेवरही, रंग जातो आणि पुढे रेघ दिसत नाही. सोपी गोष्ट आहे पण मला ती दुसऱ्या वेळी कळली, पूर्ण भिंत रेघारेघांची वही झाल्यावर.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं आणि पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली जातो, तेव्हा पाण्याचे रंग नीट जमत नाहीत, सकाळी दहाशिवाय सुरू करू नका आणि चारनंतर ब्रश खाली ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलटं, फळी एवढी तापते की रंग पसरायच्या आत सुकतो आणि ब्रशचे ओरखडे तसेच राहतात. वर दुपारचा वळीव कधी येईल सांगता येत नाही. कोणत्याही महिन्यात एक नियम पाळा, उन्हाच्या मागे मागे जा. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारी.

मुळशी, पानशेत, लोणावळ्याकडे फार्महाऊस असेल तर फेब्रुवारीच्या आधी विचारही करू नका. तिकडचा पाऊस पुण्याच्या कित्येक पट असतो, सुकायलाही तसाच वेळ लागतो.

ओल मोजायचं मीटर घ्यायलाच हवं का?

मोठी भिंत असेल तर घ्या, दोन पिनांचं साधं मीटर ऑनलाइन मिळतं, फार महाग नाही. १५ टक्क्यांच्या खाली आलं की सुरू करायचं. मोजताना फळीच्या मध्यावर नाही, खालच्या टोकाशी आणि सांध्याशी मोजा, खोटं तिथेच पकडलं जातं.

जुना रंग सगळा काढायचा का? पेंटर म्हणतो वरून मारला तरी चालेल.

पेंटर म्हणणारच. पण कधीकधी तो बरोबरही असतो. ब्लेडने रंगावर फुलीसारख्या चार-पाच रेघा मारा, त्यावर चांगला चिकट सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला रंग आला नाही तर तो भाग घट्ट आहे, फक्त चमक जाईपर्यंत घासा. तुकडे आले तर तेवढा भाग लाकडापर्यंत खरवडा. ही टेस्ट पाच-सहा ठिकाणी करा. वळचणीखाली रंग वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याच भिंतीवर खाली तीन फुटांत सगळा गेलेला असतो, त्यामुळे एका जागेवरून निकाल देऊ नका.

जुन्या घरांवर ऑइल पेंटचे सात-आठ हात चढलेले असतात, त्याला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडलेल्या दिसतील. तिथे मात्र सगळंच काढावं लागतं, कारण जाड ऑइल पेंट वयानुसार कडक होत जातो आणि खालचं लाकूड हललं की तडकतो. वर कितीही भारी रंग मारा, खालचा तडकला की वरचाही जाणार, पहिले पाढे पंचावन्न.

खरवडल्यावर रंग आणि कोरं लाकूड यांच्यामधली पायरी हाताला लागणार नाही इतकी घासून उतरती करा. त्या पायरीवरच पुढचा पोपडा सुरू होतो.

हीट गन वापरणार असाल तर एक सूचना, फळ्यांच्या मागच्या पोकळीत सुकी पानं, चिमण्यांच्या घरट्याचं गवत असं काय काय असतं आणि ते मागच्या मागे धुमसू शकतं. काम संपवून लगेच घरी निघून जाऊ नका, तासभर थांबा, पाण्याची बादली जवळ ठेवा. आणि सुरू करायच्या आधी गांधीलमाश्यांचं पोळं आहे का बघा. मी बघितलं नव्हतं.

जुन्या रंगात शिसं असतं म्हणतात, ते खरं आहे का?

हो, आणि हा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, केशरी, लाल, हिरव्या छटांमध्ये, शिसं असणार असं धरूनच चाला. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर कामाच्या दिवसांत त्यांना दुसरीकडे पाठवा.

कोरडं घासून धूळ उडवायची नाही, पाणी मारून वॉटर पेपरने घासा. एन-९५ मास्क लावा, तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. खाली प्लॅस्टिक अंथरा, पोपडे गोळा करून बांधून ठेवा, झाडून कढीपत्त्याच्या वाफ्यात लोटू नका. आणि रंग लावलेल्या जुन्या फळ्या बंबात किंवा शेकोटीत अजिबात घालायच्या नाहीत, जुन्या वाड्यांतून हे सर्रास चालायचं. त्या धुरातून शिसं थेट पोटात-फुप्फुसात जातं.

प्रेशर वॉशरने धुतलं तर चालेल का? काळे डागही आहेत.

गाडी धुवा त्याने. फळ्यांवर मारला तर पाणी सांध्यांतून मागे जातं आणि पाइनसारखं मऊ लाकूड तंतू उभे राहून दाढी वाढल्यासारखं दिसतं. साधा बागेचा पाइप, मऊ ब्रश आणि पाण्यात थोडा भांड्यांचा लिक्विड साबण पुरतो. खालून वर धूत जा म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ उमटत नाहीत, मग वरून खाली भरपूर पाण्याने साफ.

काळ्या डागावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत फिका पडला तर बुरशी, नाही पडला तर धूळ-धूर. बुरशी असेल तर एक भाग ब्लीच आणि तीन-चार भाग पाणी करून लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि चांगलं धुवून टाका. रंगाखाली जिवंत बुरशी राहिली तर ती रंगातून वर येते. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी गॅस होतो. हातमोजे, चष्मा घाला आणि खालच्या झाडांवर आधी पाणी मारून प्लॅस्टिक टाका.

खिळ्याभोवती निळसर काळा डाग असेल तर ती बुरशी नाही, ते लोखंड आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचं भांडण आहे, सागात हमखास. त्याला ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लागतं, तेही विषारी, जपून वापरा आणि नंतर खूप धुवा. आणि तो खिळा बदला नाहीतर डाग परत येईल. बाहेर स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू, साधे नकोत.

धुतल्यावर सुकायला द्यायचं. फेब्रुवारीत दोन-तीन कोरडे दिवस पुरतात, पण मीटर काय म्हणतंय ते खरं.

लाकूड करडं पडलंय पण घट्ट आहे. तरी घासायचं?

घासायचंच. हा करडा थर म्हणजे उन्हाने लाकडाचे तंतू जोडून ठेवणारा लिग्निन जाळून उरलेले सुटे तंतू, त्यावर रंग मारणं म्हणजे धुळीवर मारणं. कोऱ्या लाकडाला तीन-चार आठवडे ऊन लागलं तरी रंगाची पकड कमी होते, त्यामुळे ‘आधी सगळं घासून ठेवू, रंग पुढच्या महिन्यात’ हा प्लॅन करू नका. घासलं की दोन दिवसांत अस्तर, जेवढं उरकेल तेवढंच घासा.

८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १२०, बस. १८० आणि वर जाऊन काचेसारखं करायचा मोह होतो, विशेषतः ज्यांना फर्निचरची सवय आहे अशा सुतारांना, पण बाहेरच्या रंगाला धरायला थोडी खरखर लागते. नेहमी रेषेच्या दिशेने घासा. फळ्यांच्या धारदार कडा थोड्या गोल करा, धारेवर रंग पातळ राहतो आणि तिथून फाटतो.

फळी कुजलीये की नाही कसं कळणार? वाळवीचं काय?

स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. चांगल्या लाकडात ते नुसती खूण करतं, कुजक्या लाकडात आत जातं. टोकं, खालची फळी आणि खिडकीच्या खालचा भाग नक्की तपासा. एखादा इंच गेला असेल तर कोरून इपॉक्सी फिलर भरता येतं, वीतभर गेलं असेल तर फळी बदला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला तुकडा नमुन्याला घेऊन गेलात तर जाडी-रुंदी जुळवून मिळते, खोबणी मशिनवर काढून घ्यायची. नवीन फळीला लावायच्या आधीच सहाही बाजूंनी अस्तर मारा. हो, मागूनही. एकदा ठोकली की मागची बाजू परत आयुष्यात दिसणार नाही.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या किंवा फळीखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आधी पेस्ट कंट्रोल, मग रंग. उलट केलंत तर वरून कीर्तन आणि आतून तमाशा.

भेगा आणि खिळ्यांची भोकं भरायला कोणती लांबी (भोकं बुजवायचा लगदा)?

भिंतीची पुट्टी नाही. पुन्हा सांगतो, भिंतीची पांढरी पुट्टी नाही. माझ्या पहिल्या पेंटरने उरलेली वॉल पुट्टीच फळ्यांना फासली होती, ती सिमेंटची, कडक, लाकूड हलतं आणि ती हलत नाही, सहा महिन्यांत प्रत्येक खिळ्याचं टोपण गळून पडलं. बाहेरच्या लाकडासाठीचं लवचिक वूड फिलर घ्या, आणि लांबी भरायची ती अस्तराचा एक हात मारून झाल्यावर. कोऱ्या लाकडात भरली तर लाकूड तिचं बाइंडर (चिकटवून ठेवणारा भाग) शोषून घेतं आणि ती भुसभुशीत होते.

सगळ्या फटी सिलिकॉनने बंद करून टाकू का, म्हणजे पाणीच जाणार नाही?

नको. एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्यांमधली फट ही पाणी आणि हवा बाहेर जायची वाट आहे, ती बुजवली की आत गेलेलं पाणी आतच राहतं. खिडकीची चौकट, कोपरे, भिंतीला लागणारा उभा सांधा एवढंच बंद करायचं. तेही सिलिकॉनने नाही कारण त्यावर रंग धरत नाही, रंगवता येणारं ॲक्रिलिक सीलंट घ्या.

गाठींतून पिवळे डाग वर येतात, सागातून तपकिरी. काय करायचं?

पाइनच्या गाठीत राळ असते, उन्हाने ती पातळ होऊन रंगातून बाहेर येते. गाठीवर आधी चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, दोन पातळ हात द्या आणि मग अस्तर. फक्त गाठीवर हं, पूर्ण फळीवर नाही, लाख उन्हापावसात टिकत नाही. खूप राळ गळणारी गाठ असेल तर हीट गनने तापवून राळ बाहेर काढून पुसून घ्या.

सागाला तेल असतं, म्हणून अस्तराच्या जरा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं. पांढरा किंवा फिका रंग पाण्याचा असेल तर सागाचा तपकिरी अर्क त्यातून वर येतो, तिथे डाग अडवणारं ऑइल बेस अस्तर आधी हवं.

ऑइल पेंट चांगला की पाण्याचा?

वडीलधारी मंडळी ऑइल पेंटच म्हणतात आणि त्यांच्या खिडक्या अजून चकाकतात हेही खरं, पण त्या खिडक्या बहुतेक छज्ज्याखाली असतात. उघड्या भिंतीवरच्या फळ्यांना मी बाहेरच्या लाकडासाठी म्हणून बनवलेला ॲक्रिलिक रंग देतो. तो लवचिक राहतो, लाकडाबरोबर ताणतो-आकसतो, आतली वाफ थोडी बाहेर जाऊ देतो, लवकर पिवळाही पडत नाही. अस्तर ऑइलचं आणि वर ॲक्रिलिक ही जोडीही चांगली चालते, अस्तर पूर्ण सुकलेलं हवं एवढंच. उलटं, म्हणजे लवचिक रंगावर कडक ऑइल पेंट, टाळा. भिंतीचा एक्स्टिरिअर इमल्शन उरलाय म्हणून तोच लाकडाला, असं करू नका.

ब्रँड कुठला हे मी सांगत नाही. डब्यावर ‘एक्स्टिरिअर वूड’ लिहिलंय का, दोन हातांमध्ये किती तास सांगितलेत आणि किती पातळ करायला परवानगी आहे, हे तीन वाचा. हार्डवेअर आणि ब्रशेससाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, एक चक्कर मारली की सगळं मिळतं, पार्किंग सोडून.

मला लाकडाच्या रेषा दिसायला हव्यात. क्लिअर पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश) मारू?

फोटोसाठी झकास. पश्चिमेच्या भिंतीवर क्लिअर कोट म्हणजे दर एक-दोन वर्षांनी खरवडायचं काम, कारण पारदर्शक थरातून ऊन आत जातं, खालचं लाकूड सुटतं आणि वरचा थर सुट्ट्या कातडीसारखा निघतो. नंतर ते सगळं घासून काढताना रडू येतं, मेहुण्याच्या फार्महाऊसवर केलंय मी.

रेषा हव्याच असतील तर रंगद्रव्य असलेलं, लाकडात मुरणारं स्टेन किंवा डेक ऑइल घ्या. ते सोलत नाही, नुसतं फिकं होत जातं, वर्षा-दीड वर्षाने धुवायचं आणि परत एक हात द्यायचा. नुसतं जवसाचं तेल लावू नका, ते बुरशीचं आवडतं खाणं आहे, पहिल्याच पावसात फळ्या काळ्या पडतात. आणि तेलाने भिजलेले बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते सुकताना आपोआप तापतात आणि खरंच पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

किती रंग लागेल आणि किती हात?

गुळगुळीत फळीवर एका हाताला लिटरमागे साधारण १०० ते १२० चौरस फूट, खरबरीत असेल तर ६०-८० धरा. एक हात अस्तर आणि दोन हात रंग, कोऱ्या टोकांना अस्तराचे दोन-तीन हात, ते पिऊन घेतात तितकं पाजायचं. फळ्यांचं क्षेत्रफळ मोजताना कडा आणि खोबण्या धरायच्या असतात, म्हणून दहा टक्के जास्त घ्या आणि सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा, दोन डब्यांची छटा कधीकधी वेगळी निघते.

ब्रश की स्प्रे?

ब्रश. स्प्रेने लवकर होतं पण रंग वर बसतो, आत शिरत नाही. स्प्रे केलाच तर मागून लगेच कोरड्या ब्रशने दाबून घ्या. एक फळी घेतली की टोकापासून टोकापर्यंत संपवायची, मध्ये चहा नाही, नाहीतर जोडाची पट्टी दिसते. आधी फळीची खालची कड, मग समोरची बाजू.

उंचीचं काम असेल तर बांबूची परांची बांधून घ्या, शिडीवर एका हाताने डबा धरून हे काम नीट होत नाही. वरून विजेची केबल जात असेल तर ती आधी बघा.

गडद रंग कसा राहील? चारकोल ग्रे आवडलाय.

उत्तरेच्या भिंतीला खुशाल द्या. पश्चिमेला एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता गडद फळीला हात लावून बघा. लाकूड जास्त हलतं, राळ जास्त गळते, रंग लवकर उडतो. रो-हाऊस असेल तर सोसायटीलाही आधी विचारा, बाहेरच्या रंगावरून झालेली भांडणं मी पाहिलीयेत आणि ती लाकडापेक्षा जास्त टिकतात.

पेंटरला काम देताना काय ठरवून घ्यायचं?

लेबर रेट द्या आणि मटेरियल स्वतः आणा, निदान अस्तर आणि रंग तरी. विथ मटेरियलमध्ये पहिला हात किती पातळ होईल याचा भरवसा नाही, केरोसीन ओतून रंग वाढवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. घासायचे पैसे वेगळे ठरवा. चौरस फुटाच्या एकाच दरात घासणं पकडलं की कोणताही पेंटर, कितीही भला असला तरी, घासणंच कमी करणार, त्याचं पोट त्यावर आहे. मी घासायला रोजंदारी दिली आणि रंगायला चौरस फुटाचा दर, तेव्हा काम नीट झालं. अस्तर मारायच्या आधी आणि पहिल्या हातानंतर मी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि फळ्यांची टोकं दाखवायला सांगा. ‘टोकं?’ असं तो विचारेल, तिथेच कळेल त्याने हे काम आधी केलंय का.

आमचा पेठेतला जुना वाडा आहे, सागाचे खांब आणि तक्तपोशी (फळ्यांचं छत). त्यालाही हेच?

थोडं वेगळं. जुना साग घट्ट असतो, त्याला आधीच ऑइल पेंट चढवलेला नसेल तर चढवू नका, स्वच्छ करून तेल द्या. बाजीराव रोडवरच्या विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून वर बघा, १८०७ सालचा वाडा, नक्षीचं सागकाम दर्शनी भागात आहे, जुन्या सुतारांना वळचणीचं महत्त्व किती कळत होतं ते तिथे दिसतं. तुमचा वाडा हेरिटेज यादीत असेल तर ब्रश उचलायच्या आधी महापालिकेच्या हेरिटेज सेलला विचारा. नक्षीवर सँडिंग मशिन कधीच नको.

एवढा त्रास करण्यापेक्षा फळ्या काढून डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या फळ्या) लावू का?

लावा की. रंगायचा त्रास जातो, पण तेही उन्हात फिकं पडतं, तापतं, फुगतं, आणि खराब झालं की घासून नवं करता येत नाही. मागे रिपा (लाकडी पट्ट्या) मारून इंचभर हवेची पोकळी ठेवायला तिथेही सांगा. मला लाकूड आवडतं म्हणून मी करतो, त्यात शहाणपण शोधू नका.

नंतर किती वर्षं बघायला नको?

बघायला तर दर वर्षी हवं, मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी. चक्कर मारायची, टोकं आणि खालच्या फळ्या बघायच्या, जिथे केसाएवढी भेग दिसेल तिथे घासून अस्तर आणि रंगाचा ठिपका द्यायचा. अर्ध्या दिवसाचं काम. असं केलं तर पूर्ण भिंत सहा-सात वर्षांनी, छज्ज्याखालची त्याहून उशिरा. पावसाळा संपला की एकदा पाइपने धुवायची, शेवाळ सुकून चिकटायच्या आत.

उरलेला रंग ठेवू की टाकू?

मोठ्या डब्यात तळाशी ठेवू नका, त्यात हवा जास्त राहते आणि साय धरते. छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, वर शेडचा नंबर, कुठली भिंत आणि तारीख लिहा. आणि तो बरण्यांचा कप्पा स्वयंपाकघरात नको, आमच्याकडे एकदा ऑफव्हाइटची बरणी तुपाच्या शेजारी गेली होती.